घटक ४ : गोपाळ गणेश आगरकर – मतभेद, अप्रिय विचार आणि चर्चेची शिस्त

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• आगरकरांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
• त्यांच्या व टिळकांच्या मतभेदाचे स्वरूप स्पष्ट करता येईल;
• वर्गातील चर्चेत एखादे दुखावणारे मत मांडले गेल्यास त्याला कसे सामोरे जावे, याचा विचार त्यांच्या चरित्राच्या आधारे करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. वाशीम जिल्ह्यातील धनज या गावी तुमच्यासारखेच काही प्रौढ विद्यार्थी संध्याकाळी एकत्र बसून अभ्यास करीत आहेत. कोणी दिवसभर कपाशीच्या शेतात राबून आले आहे, कोणी दुकान बंद करून, तर कोणी घरचा स्वयंपाक उरकून. विषय आहे एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारणा. चर्चा रंगात आलेली असताना एक गृहस्थ म्हणतात की, मुलींनी दहावीपलीकडे शिकून घराचे नुकसानच होते. समोरच एक बाई बसल्या आहेत. लग्नानंतर बारा-पंधरा वर्षांनी त्यांनी पुन्हा पुस्तक हातात घेतले आहे. क्षणभर सगळे गप्प होतात.

हा प्रसंग कल्पित आहे, पण तुमच्यापैकी अनेकांनी त्यासारखे काही अनुभवले असेल. अशा वेळी त्या गृहस्थांना गप्प बसवावे काय? की त्यांना बोलू द्यावे, आणि त्या बाईंनी मुकाट्याने ऐकून घ्यावे? या प्रश्नाचे तयार उत्तर कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. मात्र ज्या माणसाची मते त्याच्या काळात बहुसंख्य समाजाला अत्यंत दुखावणारी वाटत होती, आणि ज्याने ती मांडण्याची किंमत आयुष्यभर मोजली, त्याच्या चरित्रातून आपल्याला पुष्कळ शिकता येते. तो माणूस काही काळ तुमच्याच वऱ्हाडात शिकला, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ टेंभू ते अकोला

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. कऱ्हाडला थोडे शिक्षण झाल्यावर त्यांना मामलेदार कचेरीत उमेदवारी करावी लागली. पुढे रत्नागिरीस शिक्षणाचा प्रयत्न झाला, पण तेथेही बस्तान बसले नाही. अखेर आईकडच्या नातेवाइकांच्या आधाराने ते अकोल्यास आले आणि येथूनच १८७५ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

अकोल्याने आगरकरांना दोन गोष्टी दिल्या. विष्णू मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा गुणग्राही शिक्षक त्यांना येथे लाभला, आणि ‘वऱ्हाड समाचार’ या पत्रातून लेखनाचा सरावही झाला. पैसा नसला तरी विचार मांडता येतो, आणि मांडलेल्या विचाराला वाचक मिळतो, ही जाणीव त्यांना तरुण वयातच झाली. धनज किंवा कारंजा परिसरातून नोकरी-धंदा सांभाळत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा टप्पा परका वाटणार नाही. शिक्षणात खंड पडणे आणि ते पुन्हा सुरू करणे हा आगरकरांच्याही आयुष्याचा भाग होता.

४.३.२ महाविद्यालयातील मैत्री

मॅट्रिकनंतर आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगातला एकच सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालण्याइतकी त्यांची गरिबी होती, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १८७८ साली ते बी. ए. झाले आणि १८८० साली एम. ए. झाले. जॉन स्टुअर्ट मिल व हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला.

मिल यांचा स्वातंत्र्याविषयीचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला होता. त्यातील युक्तिवादाचा आशय तुम्ही नीट लक्षात ठेवावा. दडपलेले मत कदाचित खरे असू शकते. ते चुकीचे असले तरी त्याच्याशी झुंजल्याखेरीज आपले खरे मत जिवंत राहत नाही, ते केवळ पाठ केलेले वाक्य होऊन बसते. पुष्कळदा सत्याचा काही अंश दोन्ही बाजूंकडे असतो. आगरकरांच्या पुढील सर्व लेखनामागे ही धारणा दिसते.

याच कॉलेजात १८७९ च्या सुमारास त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी गाढ मैत्री झाली. सरकारी नोकरीच्या मागे न लागता शिक्षणकार्याला वाहून घ्यायचे, असे दोघांनी ठरवले. देशाच्या उन्नतीविषयी दोघांचे एकमत होते. आधी समाज सुधारावा की आधी राजकीय हक्क मिळवावेत, याविषयी मात्र सुरुवातीपासूनच मतभेद होते. मतभेद असतानाही मैत्री होऊ शकते, हे या आरंभीच्या वर्षांनी दाखवून दिले.

४.३.३ केसरी आणि डोंगरीचा तुरुंग

१८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. एम. ए. झाल्यावर आगरकर त्या शाळेत आले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली आणि ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर झाले.

पुढच्याच वर्षी एक कठीण प्रसंग आला. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असल्याचा आरोप या पत्रांनी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर केला. त्यासाठी ज्या कागदपत्रांचा आधार घेतला होता ती बनावट निघाली. दोघांनी क्षमा मागितली, तरी खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सुटीची सवलत मिळून त्यांना १०१ दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढावे लागले. या अनुभवावर आगरकरांनी पुस्तक लिहिले. कोठडीत दोघांचे वाद इतके चढ्या आवाजात होत की पहारेकऱ्यांना त्यांना शांत करावे लागे.

या प्रसंगाकडे केवळ शौर्यकथा म्हणून पाहू नये. हेतू चांगला असला तरी आधार खोटा असेल, तर बोलणाऱ्याने चूक कबूल केली पाहिजे, हा धडा आगरकरांना पंचविशीतच मिळाला. एखाद्या प्रथेविषयीचे मत आणि एखाद्या व्यक्तीविषयी सांगितलेली गोष्ट यांत फरक आहे. मताला युक्तिवाद लागतो. व्यक्तीविषयीच्या विधानाला पुरावा लागतो. चर्चेत उतरणाऱ्याने हा फरक विसरता कामा नये.

४.३.४ एक पत्र, दोन मते

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली व जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आगरकर तेथे अध्यापन करू लागले. याच काळात ‘केसरी’तील सामाजिक लेखनावरून मंडळींत वाद वाढला. बालविवाह, विधवांचे केशवपन, स्त्रीशिक्षण या प्रश्नांवर आगरकरांची मते त्यांच्या बहुतेक सहकाऱ्यांना मान्य नव्हती. पत्र सर्वांचे होते. मग त्यातून एकाचे मत सर्वांचे म्हणून कसे प्रसिद्ध करावे, हा सहकाऱ्यांचा प्रश्न होता. जे मनापासून पटत नाही ते संपादक म्हणून कसे लिहावे, हा आगरकरांचा प्रश्न होता. दोन्ही प्रश्न खरे होते.

आगरकरांनी १८८७ साली ‘केसरी’चे संपादकत्व सोडले आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ हे स्वतःचे पत्र काढले. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी घेतली. समाजाला जे आवडेल त्यापेक्षा जे हितकर वाटते ते सांगायचे आणि जे शक्य आहे ते करून दाखवायचे, असा त्यांचा बाणा होता. ‘गुलामांचे राष्ट्र’सारख्या निबंधांतून त्यांनी रूढीपुढे मान तुकवण्याच्या वृत्तीवर प्रखर टीका केली. मुलगे व मुली यांना एकत्र व सारखेच शिक्षण मिळावे, ही त्यांची मागणी त्या काळाच्या पुष्कळ पुढची होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून तर टिळक व आगरकर उघडपणे परस्परविरोधी बाजूंना उभे राहिले.

४.३.५ जिवंतपणी निघालेली प्रेतयात्रा

या लेखनाची प्रतिक्रिया तीव्र होती. पुण्यातील सनातनी मंडळींनी आगरकरांची प्रतिमा करून, ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. ज्याला मते पटत नाहीत त्याने उत्तर लिहावे, ही आगरकरांची अपेक्षा होती; येथे उत्तराच्या जागी तिरडी आली. तरीही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्या. घराबाहेर इतके कठोर लिहिणारे आगरकर घरात पत्नी यशोदाबाईंच्या देवधर्माच्या आड आले नाहीत. स्वतः अज्ञेयवादी असूनही आपले मत त्यांनी पत्नीवर लादले नाही. युक्तिवाद करण्याचा हक्क आणि सक्ती करण्याचा हक्क या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या.

त्यांचे दोषही झाकण्याचे कारण नाही. त्यांच्या लेखनातील उपहास कित्येकदा बोचरा होता. ज्यांचे मन वळवायचे तेच त्याने दुरावत असत. टिळकांशी झालेला वाद दोन्ही बाजूंनी कडवट झाला. वेतन व संस्थेबाहेरील काम यांविषयीच्या मतभेदांनंतर टिळकांनी १८९० साली सोसायटीचा राजीनामा दिला. एकेकाळचे जिवलग मित्र एकमेकांपासून दूर गेले.

४.३.६ प्राचार्यपद आणि अखेर

प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ साली आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याच्या विकाराने त्यांची प्रकृती पोखरली होती. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्वतःच्या अंत्यविधीचा खर्च दुसऱ्यावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. ‘केसरी’त त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. वाद संपला नव्हता. पण वाद ज्याच्याशी होता त्याची योग्यता टिळकांनी नाकारली नाही.

४.४ पुन्हा धनजकडे

आता आरंभीच्या प्रसंगाकडे वळू. आगरकरांच्या चरित्रावरून असे दिसते की, त्या गृहस्थांचे मत केवळ अप्रिय आहे म्हणून त्यांना बाहेर काढणे योग्य ठरणार नाही. एकेकाळी मुलींनी शिकावे हेच मत अप्रिय होते, आणि तेव्हा ते दडपले गेले असते तर तुमच्या गटात ती बाई बसलीच नसती. पण बोलू देणे म्हणजे चर्चा तेथेच संपवणे नव्हे. गृहस्थांनी नुकसान कोणते ते सांगावे, आधार द्यावा, आणि उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. प्रश्न मुलींच्या शिक्षणाचा आहे, समोरच्या बाईंच्या वागणुकीचा नाही. तो त्यांच्यावर वळला तर चर्चा चालवणाऱ्याने तेथेच थांबवावे. त्या बाईंना बोलायचे असेल तर त्यांना पुरेसा वेळ मिळावा. बोलायचे नसेल तर उत्तर देण्याचे ओझे एकट्या त्यांच्यावर टाकू नये. ते काम गटातील इतरांचेही आहे.

भारतीय संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्यावर वाजवी निर्बंधांची तरतूदही केली आहे. कायदा ही बाहेरची चौकट झाली. त्या चौकटीच्या आत वर्गाला स्वतःची शिस्त घडवावी लागते, आणि ती एका दिवसात घडत नाही.

४.५ सारांश

आगरकरांनी अप्रिय मत मांडण्याचा हक्क बजावला, चूक झाली तेव्हा कबूल केली, सामायिक व्यासपीठ आणि स्वतःचे व्यासपीठ यांतील भेद पाळला, आणि मत लादण्याचे टाळले. उपहासाने संवाद तुटतो, हेही त्यांच्या चरित्रातून समजते. चर्चेत बसताना या दोन्ही बाजू तुम्ही ध्यानात ठेवाव्यात.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘केसरी’च्या संपादकत्वाबाबत आगरकर व त्यांचे सहकारी या दोन्ही बाजूंचा प्रश्न तुमच्या शब्दांत मांडा.
२. बर्वे खटल्यावरून मत आणि आरोप यांतील फरक स्पष्ट करा.
३. तुम्हांला न पटणारे एक मत निवडा. त्याच्या समर्थकाला मान्य होईल अशा रीतीने ते दहा ओळींत लिहा व नंतर त्याला उत्तर द्या.