सार्वजनिक काका

विद्यार्थिमित्रहो, शाळेत निबंधाबरोबर आपण अर्ज लिहावयासही शिकतो. वर गाव आणि तारीख, खाली अधिकाऱ्याचा हुद्दा, मग विषय, मग विनंती आणि शेवटी सही. परीक्षेत त्याला चारदोन गुण असतात, म्हणून तो आपण पाठ करतो. परंतु आमच्या कोहिनूरसारख्या गावात अर्जाचे महत्त्व परीक्षेपुरते नाही, हे घरातील वडील माणसे सांगतील. पहाणीत नाव चुकले, पावसाने पीक बुडाले, शिधापत्रिकेत धाकट्या भावाचे नाव घालावयाचे राहिले, की बसवकल्याणच्या कचेरीत अर्ज घेऊन जावे लागते. उत्तर लवकर आले नाही म्हणजे कागद काळे करून काय मिळाले, असे आपण म्हणतो. ज्याने आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे दुसऱ्यांचे अर्ज सरकारपुढे मांडण्यात घालविली, त्या गणेश वासुदेव जोशी यांचे चरित्र अशा वेळी आठवावे असे आम्हांस वाटते. महाराष्ट्र त्यांना सार्वजनिक काका या नावाने ओळखतो.

गणेशपंतांचा जन्म १८२८ साली सातारा येथे झाला. पेशवाई बुडून तेव्हा दहाच वर्षे झाली होती. तरुणपणी ते पुण्यास आले. प्रारंभी त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केली आणि पुढे वकिलीची परीक्षा देऊन पुण्याच्या न्यायालयात वकिली सुरू केली. कोर्टकचेरीत येणारा खेडूत कसा भांबावतो, कायद्याची भाषा न कळल्यामुळे त्याचे किती नुकसान होते, हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. राजा जवळ असे तेव्हा त्याच्या वाड्यापुढे उभे राहून फिर्याद करता येत असे. आता राज्यकर्ता साता समुद्रापलीकडे होता, त्याचा गव्हर्नर मुंबईस होता आणि त्याच्याशी बोलावयाचे तर ते कागदावरच बोलावे लागे.

पुण्याच्या पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी लोकांच्या पुष्कळ तक्रारी होत्या. त्या सरकारच्या कानांवर घालावयाच्या, तर बोलणाऱ्याला लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार आहे काय, हा प्रश्न उभा राहिला. चार प्रतिष्ठित गृहस्थांनी एकत्र येऊन सह्या केल्या तर त्या चारांच्याच ठरतात. गणेशपंतांतील वकिलाने यावर उपाय काढला. कोर्टात पक्षकार वकिलाला वकीलपत्र देतो, त्याचप्रमाणे लोकांनी आपल्या प्रतिनिधीला मुखत्यारपत्र लिहून द्यावे. या पायावर २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सुमारे सहा हजार लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे घेऊन पंचाण्णव सभासद तीत आले. औंधचे श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि चिटणिशीचा भार गणेशपंतांनी उचलला. या देशात मतदानाचा हक्क सामान्य माणसाने स्वप्नातही पाहिला नव्हता, त्या काळातील ही गोष्ट आहे.

१८७१ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पुण्यास नेमणूक झाली आणि सभेला मोठा आधार मिळाला. रानडे सरकारी नोकरीत असल्यामुळे त्यांना उघडपणे पुढे येता येत नसे. सभेच्या अनेक लेखांमागे त्यांचा अभ्यास असे, तर लोकांत हिंडणे, माहिती जमविणे, सभा भरविणे आणि कागदाखाली सही करून त्याची जबाबदारी घेणे हे गणेशपंत करीत. नुसते गाऱ्हाणे गाऊन सरकार हलत नाही. गाऱ्हाण्याबरोबर गावांची नावे, सारा, धान्याचे भाव आणि माणसांची संख्या द्यावी लागते, हा धडा या दोघांनी महाराष्ट्राला दिला. शेतकऱ्याची स्थिती तपासण्यासाठी सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतांची होळी केली आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यापूर्वीच शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न सभेने हाती घेतला होता.

वाचकहो, याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १८६५ साली यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी नष्ट झाली. दक्षिणेकडील राज्यांत कालपर्यंत गुलाम असलेली माणसे आता नागरिक झाली होती. आपल्यावर होणारे अत्याचार थांबवावेत, मतदानास जाताना संरक्षण मिळावे, म्हणून ती आपापल्या राज्याच्या गव्हर्नराला पत्रे व अर्ज लिहीत होती. त्यांतील कित्येकांना अक्षरओळख नुकतीच झाली होती. मिसिसिपी राज्याचा गव्हर्नर अॅडेलबर्ट एम्स याच्याकडे १८७५ च्या निवडणुकीच्या सुमारास अशी अनेक पत्रे आली. त्याने राष्ट्राध्यक्षाकडे फौज मागितली, ती मिळाली नाही आणि पुढल्या वर्षी त्याला अधिकारपद सोडावे लागले. तेथील अर्जदारांना हक्क कायद्याने मिळाले होते, पण ते राखणारा हात दुबळा ठरला. इकडे आपल्याकडे गव्हर्नराचा हात बळकट होता, पण लोकांना हक्कच नव्हते. कागदावर विश्वास ठेवून लिहीत राहणे मात्र दोन्हीकडे सारखेच होते.

१८७६ साली दख्खनात पाऊस पडला नाही. सोलापूर, कलादगी, सातारा, नगर, पुणे या जिल्ह्यांत भीषण दुष्काळ पडला. आमचा हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे त्याची दाद मुंबईच्या गव्हर्नराकडे लागणार नव्हती, पण आकाश कोणाची सरहद्द मानीत नाही. अवर्षण इकडेही होते. सभेने दुष्काळी जिल्ह्यांतून आपल्या माणसांकडून वृत्तांत मागविले आणि ते एकामागून एक मुंबई सरकारकडे धाडले. पिके किती बुडाली, ज्वारीचा भाव कोठे पोहोचला, गुरे कशी विकली गेली, लोक गाव सोडून कोठे गेले, हे सारे त्यांत होते.

१८७७ च्या आरंभी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याने सर रिचर्ड टेंपल यास दुष्काळाच्या पाहणीसाठी पाठविले. तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात याच टेंपलने सढळ हाताने खर्च करून लोकांचे प्राण वाचविले होते. पण उधळपट्टी केली म्हणून त्याच्यावर टीका झाली. आता त्याने हात आखडला. दुष्काळी कामावर दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा, एवढीच मजुरी त्याने ठरविली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. एवढ्यावर दगड फोडणारा माणूस जगेल कसा? हजारो मजुरांनी काम सोडले. उपाशी माणसांचा तो संप होता. सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन, हा दर माणसाला जगविण्यास पुरेसा नाही, असे सरकारला लिहून कळविले. सरकारने तो दर सहजासहजी सोडला नाही. पुढे त्याच वर्षी टेंपल हाच मुंबईचा गव्हर्नर झाला. ज्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार केली त्याच्याकडेच यापुढे अर्ज पाठवावयाचे, असा प्रसंग गणेशपंतांवर आला. तरीही अर्ज थांबले नाहीत.

या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. नंतर सरकारने दुष्काळ आयोग नेमला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून पुढे दुष्काळाचे कायमचे नियम तयार झाले. शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीचा दख्खनचा कायदा १८७९ साली झाला. हे सारे सभेच्या अर्जांमुळेच झाले असे म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु उपाशी माणसाची बाजू सरकारी दप्तरात लिहिलेली राहिली, ती अशा अर्जांमुळे.

गणेशपंत जे बोलत ते स्वतः आचरीत. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी स्वदेशी वस्त्रे वापरण्याचे व्रत घेतले. ते रोज स्वतः सूत काढीत आणि त्याचेच कपडे घालीत. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस मोठा दरबार भरला. हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या राजेरजवाड्यांत सभेच्या वतीने गेलेले गणेशपंत जाड्याभरड्या शुभ्र खादीत उभे होते. दख्खनात त्याच वेळी दुष्काळ पेटलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वेषाचा अर्थ अधिक कळतो. गरिबांचे तंटे कोर्टाबाहेर मिटावेत म्हणून त्यांनी लवाद कोर्टही चालविले. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही स्त्रियांना एकत्र आणण्याचे काम केले.

१८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांना देवर नावदगी येथे पकडण्यात आले. हे गाव आजच्या विजयपूर जिल्ह्यात आहे. फडक्यांनी अर्जाची वाट सोडून शस्त्राची वाट धरली होती. गणेशपंतांचा मार्ग त्याहून अगदी निराळा. तरीही सरकारच्या रोषाची पर्वा न करता त्यांनी फडक्यांचे वकीलपत्र घेतले. आरोपीला बाजू मांडण्याचा हक्क आहे, ही त्यांची श्रद्धा होती. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला पाठविण्यात आले. त्यानंतर वर्षही पुरते झाले नाही तोच, २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी गणेशपंतांचे निधन झाले.

थोरांचे गुण गाताना उणीव झाकू नये. सभेत सरदार, वकील, सावकार व पांढरपेशे यांचाच भरणा अधिक होता. सार्वजनिक या शब्दात शेतकरी, शूद्र व अस्पृश्य खरोखर आले काय, असा प्रश्न महात्मा फुले यांनी विचारला आणि तो रास्त होता. म्हणूनच फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बहुजनांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र निवेदन केले. एकाने काढलेली वाट दुसऱ्याला अपुरी वाटते आणि तो ती पुढे नेतो.

अर्जाची किंमत काय, हे पुढे सरकारनेच दाखवून दिले. १८९६ च्या दुष्काळात सभेच्या लोकांनी खेडोपाडी जाऊन दुष्काळी नियमांतील हक्क रयतेस समजावून सांगितले. तेव्हा १८९७ साली मुंबई सरकारने, यापुढे सरकारला निवेदन करण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून सभेला मानले जाणार नाही, असे ठरविले. निरुपयोगी कागदाला कोणी एवढे भीत नाही.

आज आपली स्थिती पुष्कळ पालटली आहे. १९४८ साली निजामाचे राज्य संपले आणि १९५६ साली आपला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर, आजच्या कर्नाटक राज्यात आला. आपल्या राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे कोणत्याही अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क दिला आहे, आणि तोही संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत. घरी मराठी बोलणाऱ्या आणि कन्नड शेजारात वाढणाऱ्या आपल्या सीमाभागातील मुलांनी हे कलम अवश्य लक्षात ठेवावे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने तर सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे कचेरीवर बंधनकारक केले आहे. गणेशपंतांना यांतील काहीच लाभले नव्हते.

तेव्हा मित्रहो, पुढच्या तासाला गुरुजी अर्ज लिहावयास सांगतील त्या वेळी तो मन लावून लिहा. तारीख घाला, खरी माहिती द्या, आकडे तपासा, खाली सही करा आणि एक प्रत आपल्यापाशी ठेवा. शेजारच्या आजीला लिहिता येत नसेल तर तिचाही अर्ज तिला विचारून, तिच्या शब्दांत लिहून द्या. सार्वजनिक काकांचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत आम्हांस दिसत नाही.