इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

देवालयाचा जीर्णोद्धार म्हणजे ढासळलेला चिरा न् चिरा पुन्हा त्याच्या जागी बसविणे. असाच जीर्णोद्धार महाराष्ट्राच्या इतिहासाचा एका पुरुषाने केला. वाळवीने पोखरलेली दप्तरे, फाटक्या पोथ्या आणि माळ्यावर धूळ खात पडलेली मोडी पत्रांची रुमाले हेच त्याचे चिरे होते. त्या थोर पुरुषाचे नाव इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाड्यांचा जन्म कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी २४ जून १८६३ रोजी झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. पुढील शिक्षण पुण्यास झाले. ज्येष्ठ बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे वेदविद्येचे गाढे पंडित म्हणून पुढे प्रसिद्धीस आले. विश्वनाथरावांचा ओढा मात्र परीक्षेच्या पुस्तकांपेक्षा अवांतर वाचनाकडे अधिक होता. १८९० च्या सुमारास ते बी. ए. झाले. काही काळ त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, पण ठराविक चाकोरीत त्यांचे मन रमेना. अशातच त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्या वेळी त्यांची तिशीही उलटली नव्हती. आप्तेष्टांच्या दृष्टीने दुसरे लग्न ही सहज गोष्ट होती, परंतु राजवाड्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. उरलेले सारे आयुष्य त्यांनी विद्येला वाहिले.

१८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. जगातील उत्तमोत्तम ग्रंथ मराठीत आल्यावाचून आपला समाज शहाणा होणार नाही, अशी त्यांची धारणा होती. प्लेटो या ग्रीक तत्त्ववेत्त्याचा ‘रिपब्लिक’ हा राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ त्यांनी स्वतः मराठीत उतरविला. मासिकाला पैशाचे पाठबळ नव्हते. तीन वर्षे नेटाने चालवून, प्लेगने पुणे उजाड होऊ लागले त्या दिवसांत ते बंद पडले. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले लेखन मराठीतच करावयाचे, हा नेम मात्र त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

याच सुमारास वाईस त्यांना जुन्या पत्रांचा मोठा साठा मिळाला आणि त्यांच्या आयुष्याला दिशा लाभली. ती पत्रे १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतच्या रणसंग्रामापर्यंतची होती. सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रे त्यांत होती. शत्रूची रसद तोडा, पैसा पाठवा, अशी त्यांतील निकड होती. तोवर पानिपतची हकिकत लोक बखरींवरून सांगत. बखरी पुष्कळशा मागाहून लिहिलेल्या असल्याने तिथी व प्रसंग यांचा त्यांत घोटाळा होता. राजवाड्यांनी अस्सल पत्रे तारीखवार लावली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. बखरकार कोठे चुकले आणि ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकाराच्या लेखनात काय उणे राहिले, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखविले.

त्यानंतर सुमारे वीस वर्षांत या मालेचे बावीस खंड निघाले. त्यांमागील श्रमांची कल्पना आज येणे कठीण आहे. राजवाडे गावोगाव हिंडत, बरेचदा पायीच. अंगावर जाडेभरडे कपडे, जवळ मोजके सामान, आणि अन्न बहुधा स्वतःच्या हातचे. देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, इनामदार, मठाधिपती यांच्या दारी जाऊन ते दप्तरे दाखविण्याची विनंती करीत. सर्वत्र स्वागत होई असे नाही. इनाम कमिशनच्या चौकशीपासून लोक धास्तावलेले होते. कागद बाहेर गेला तर वतन जाईल, ही भीती घरोघर होती. दाराशी आलेला हा रापलेला माणूस सरकारचा हेर तर नव्हे, अशीही शंका येई. कित्येक ठिकाणी ते पोहोचेपर्यंत कागद रद्दीत गेलेले असत किंवा नदीत सोडलेले असत. हाती येई ते वाचावयाचे, नकलावयाचे आणि छापण्यासाठी पैशाची तजवीज करावयाची, असा त्यांचा क्रम होता. कोल्हापूरच्या प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकरांसारख्या विद्याप्रेमी मित्रांनी आपल्या ‘ग्रंथमाले’तून काही खंड छापले, म्हणून ते उजेडात आले.

बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या जुन्या पोथीवरून त्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. ही पोथी एकनाथ महाराजांनी शुद्ध केलेल्या प्रतीहून प्राचीन आहे, असे त्यांचे मत होते. शहाजीराजांच्या दरबारातील जयराम पिंड्ये या कवीचा ‘राधामाधवविलासचंपू’ त्यांनी १९२२ मध्ये, तर उत्तर कोकणची ‘महिकावतीची बखर’ १९२४ मध्ये संपादून छापली.

एकट्याच्या बळावर हे काम पुरे होणारे नाही, हे जाणून ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साह्याने त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. स्वभाव मात्र कमालीचा करारी व तापट. मतभेद झाले, तेव्हा स्वतः लावलेले हे रोपटे सोडून ते पुण्याबाहेर पडले व अखेरीस धुळ्यास राहिले. त्यांची सर्वच अनुमाने पुढील विद्वानांना मान्य झाली नाहीत. व्युत्पत्तीच्या व जातिवर्णाच्या बाबतीत ते पुष्कळदा टोकाला गेले. विवाहसंस्थेच्या इतिहासावरील त्यांच्या लेखांनी तर समाजात मोठी खळबळ उडविली. पण त्यांनी वाचविलेला कागद आजही पुरावा म्हणून उभा आहे.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. मागे धनदौलत नव्हती. होती ती कागदपत्रे, टिपणे आणि शब्दांच्या व्युत्पत्तीची अपुरी राहिलेली जुळणी. भास्कर वामन भट आदी धुळेकर चाहत्यांनी १९२७ च्या जानेवारीतच राजवाडे संशोधन मंडळ स्थापून तो ठेवा जतन केला. त्यांचा ‘धातुकोश’ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला, तो याच मंडळामुळे.

राजवाडे गेले, पण त्यांचे काम संपलेले नाही. आजही कित्येक देवळांच्या भिंतींत शिलालेख चुन्याखाली दडलेले आहेत. पुजाऱ्यांच्या व वतनदारांच्या पेट्यांत देवाच्या दिवाबत्तीच्या सनदा, वहिवाटीचे कागद व हस्तलिखित पोथ्या पडून आहेत. नवे बांधकाम करताना जुना दगड फोडला जातो, जुनी पेटी रिकामी केली जाते, आणि त्याबरोबर गावाची आठवण नाहीशी होते. शिखर पडले तर वर्गणी काढून पुन्हा उभारता येते. एकदा जळालेला कागद मात्र पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून दगड हलविण्यापूर्वी त्यावरील अक्षरांचा ठसा घ्यावा आणि पेटी रिकामी करण्यापूर्वी तीतील कागद जाणत्यास दाखवावा. गावकऱ्यांच्या हातून एवढे घडले, तर तीच या व्रतस्थ इतिहासाचार्यांना खरी आदरांजली ठरेल.