रंगमंचावरील हेलन केलर

हेलन केलर ह्यांचें नांव आमच्या विद्यार्थ्यांस नवें नाहीं. मुंबईंत बहिऱ्या व अंध-बधिर मुलांसाठीं १९७७ सालीं निघालेली संस्था त्यांच्याच नांवाची आहे. परंतु ह्या बाईंनीं कांहीं वर्षें नाटकगृहांत उभें राहून पोट भरलें, ही गोष्ट चरित्रकार बहुधा दोन ओळींत उरकतात. आम्हांस तीच विशेष सांगण्याजोगी वाटते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं अलाबामांत, टस्कंबिया गांवीं, २७ जून १८८० रोजीं त्यांचा जन्म झाला. १९ महिन्यांच्या असतांना एका दुखण्यांत दृष्टि व श्रवण दोन्ही गेलीं. १८८७ च्या मार्चांत ॲन सलिव्हनबाई शिक्षिका म्हणून आल्या. बहिऱ्यांची खूणभाषा डोळ्यांनीं पाहावयाची. ती येथें कशी चालावी? म्हणून त्या बोटांच्या खुणांनीं एकेक अक्षर शिष्येच्या तळहातांत उमटवीत. ह्याच वाटेनें केलरबाई १९०४ सालीं रॅडक्लिफ कॉलेजाच्या पदवीधर झाल्या.

पदवी मिळाली, कीर्ति झाली. पण पैसा टिकेना. व्याख्यानांसाठीं गांवोगांव फिरून दोघी थकल्या. चरित्रावरील मूकपट १९१९ सालीं निघाला, तोही चालला नाहीं. तेव्हां फेब्रुवारी १९२० मध्यें न्यूयॉर्कच्या पॅलेस नाटकगृहांत त्या व्होडव्हिलच्या खेळांत उतरल्या. व्होडव्हिल म्हणजे एकाच तिकिटांत गाणीं, नकला, कसरती व शिकविलेल्या जनावरांचीं कामें. त्यांत ह्या दोघींचा प्रवेश सुमारें २० मिनिटांचा असे. प्रथम सलिव्हनबाई पूर्वकथा सांगत; मग केलरबाई येऊन कष्टानें कमावलेल्या वाणीनें बोलत. अखेरीस प्रेक्षक प्रश्न विचारीत. ते तळहातावर उमटत, आणि उत्तर असें चटकदार येई कीं नाटकगृह हंसूं लागे. टाळ्या त्यांस ऐकूं येत नसत. पायांखालच्या फळ्यांच्या कंपांतून कळत.

कित्येक हितचिंतकांस हा प्रकार हलका वाटला. डोंबाऱ्यांच्या शेजारीं अशी विदुषी! आम्हांस त्यांचें नवल वाटत नाहीं. सभ्य मंडळींना अपंग मनुष्य वर्गणीस पात्र दिसतो, पगारास दिसत नाहीं. केलरबाईंस मात्र रंगमंच आवडे. एका गांवीं आठवडाभर मुक्काम, आणि कमाई स्वतःची. सलिव्हनबाईंस तो मानवला नाहीं. दिव्यांच्या झोतानें त्यांचे आधींच दुबळे डोळे दुखत. त्या आजारी पडल्या म्हणजे पॉली थॉमसनबाई जागा घेत.

१९२१ सालीं लॉस एंजेलिस येथें, प्रयोगास दोन तास उरले असतां, आई वारल्याची बातमी आली. केलरबाई ठरल्या वेळीं रंगमंचावर गेल्या. प्रेक्षकांस कांहीं ठाऊक नव्हतें. कोणीं त्यांचें वय विचारलें. त्यांनीं तो प्रश्न हंसण्यावारी नेला. कोणीं विचारलें, त्या सुखी आहेत काय? देवावरील भरंवशाच्या बळावर त्यांनीं होकार दिला.

१९२४ च्या सुमारास त्यांनीं हा व्यवसाय सोडून अंधांच्या कार्यास वाहून घेतलें. १९५५ सालीं त्या भारतांतही येऊन गेल्या. १ जून १९६८ रोजीं त्यांचें निधन झालें. त्याच्या आदल्याच वर्षीं अमेरिकेंत बहिऱ्या नटांची राष्ट्रीय नाटकमंडळी निघाली होती आणि तिचे नट रंगमंचावर खूणभाषेंत संवाद करूं लागले होते.