गणिती ॲलन ट्यूरिंग

बिबळ्याच्या अंगावर ठिपके कोण रेखतो, सूर्यफुलाच्या बिया वळणदार ओळींत कोण मांडतो, असे प्रश्न बालपणी पुष्कळांस पडतात. परंतु मोठेपणीही ते न सोडणारा मनुष्य विरळा. इंग्लंडचा गणिती ॲलन ट्यूरिंग हा असा एक पुरुष होय.

त्याचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडन येथे झाला. वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकर असल्यामुळे आईबाप बहुधा हिंदुस्थानात असत, आणि ॲलन व त्याचा थोरला भाऊ यांस इंग्लंडात परक्या घरी राहावे लागे. शाळेत हॉकीचा खेळ ऐन रंगात असता हा मुलगा मैदानात वाकून डेझीची फुले न्याहाळीत आहे, असे एक चित्र त्याच्या आईने काढून ठेविले आहे.

पंचविशी गाठण्यापूर्वीच, १९३६ साली, नेमून दिलेल्या नियमांनुसार पायरीपायरीने आकडेमोड करणाऱ्या यंत्राची कल्पना त्याने मांडली. आजच्या संगणकशास्त्राचा पाया तीवर उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडण्यात त्याचा मोठा वाटा होता.

पुढे मँचेस्टर विद्यापीठात त्याने तो फुलांचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. १९५२ सालच्या निबंधात त्याने दाखविले की, दोन द्रव्ये परस्परांवर क्रिया करीत निरनिराळ्या वेगांनी पसरली, तर एकसारख्या पेशींतही आपोआप आकृती उमटू शकते. एक द्रव्य स्वतःस व दुसऱ्यासही वाढविते, पण हळू पसरते. दुसरे पहिल्यास आवरते व त्वरेने दूर जाते. म्हणून पहिले जेथे किंचित अधिक असेल तेथे ठिपका वाढतो, आणि सभोवार त्यास मज्जाव होतो. कारागीर नाही, आराखडाही नाही. तरी नक्षी तयार! हे गणित पडताळण्यास त्याने विद्यापीठातील नव्या संगणकाचे साहाय्य घेतले.

त्याच वर्षी, एका पुरुषाशी असलेल्या संबंधाबद्दल, तेव्हाच्या कायद्याने त्यास दोषी ठरवून औषधांचा जाचक उपचार सोसावयास लाविले. ७ जून १९५४ रोजी विषाने त्याचा अंत झाला. सूर्यफुलाचे गणित अपुरेच राहिले.

१९९० साली फ्रान्समधील बोर्दो येथे त्याने भाकीत केलेली नक्षी प्रयोगशाळेतील रसायनांत प्रत्यक्ष दिसली. ब्रिटिश सरकारने २००९ साली झाल्या अन्यायाबद्दल खेद प्रकट केला, व २०१३ साली त्यास राजमाफी मिळाली. ज्ञानाची ही हानी मात्र कोणत्याही माफीने भरून निघाली नाही.

विद्यार्थिमित्रहो, खेळ सोडून फुलाकडे पाहत राहिलेल्या सोबत्यास हसण्यापूर्वी, तो काय पाहतो आहे, हे एकदा त्यास विचारून पाहा.