पेस्टालॉझी आणि ओढ्याकांठचा भूगोल

भूगोलाचा तास म्हटला कीं आपल्यांपैकीं पुष्कळांच्या कपाळाला आंठ्या पडतात. नद्या, शिखरें, भूशिरें व राजधान्या यांचीं नांवें घोकावीं, परीक्षेंत लिहावीं आणि सुटी लागतांच विसरून जावीं, असा प्रघातच पडून गेला आहे. माझ्या वर्गांत एकदां एका हुशार मुलानें व्होल्गा नदीची सर्व माहिती न अडखळतां सांगितली. परंतु शाळेमागचा ओढा कोणत्या नदीला मिळतो असें विचारतांच तो खालीं पाहूं लागला. दोष त्याचा नव्हता. शिकविणाराचा, म्हणजे माझाच होता. त्या दिवसापासून ज्या थोर शिक्षकाची मला वारंवार आठवण होते, त्याचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

योहान हाइन्रिख पेस्टालॉझी यांचा जन्म १२ जानेवारी १७४६ रोजीं स्वित्झर्लंडमधील झ्यूरिख शहरीं झाला. वडील शस्त्रवैद्य होते. परंतु मुलगा पांच वर्षांचा असतांनाच ते निवर्तले. आई व बाबेली नांवाची एकनिष्ठ मोलकरीण यांनीं मोठ्या काटकसरीनें संसार चालविला. कपडे व जोडे झिजूं नयेत म्हणून मुलांना घराबाहेर फारसें जाऊं देत नसत. त्यामुळें हा मुलगा प्रेमळ पण अव्यवहारी राहिला, आणि शाळासोबती त्याची थट्टा करीत. त्याचे आजोबा जवळच्या एका खेड्यांत पाळक होते. त्यांच्याबरोबर गोरगरिबांच्या घरीं जातांना त्यानें दारिद्र्य जवळून पाहिलें, आणि दीनांसाठीं कांहीं करावें ही इच्छा त्याच्या मनांत रुजली.

१७६९ सालीं आन्ना शुल्थेस यांच्याशीं पेस्टालॉझींचा विवाह झाला. पुढें नॉयहोफ येथें त्यांनीं शेती केली, ती बुडाली. १७७४ मध्यें तेथेंच गरीब मुलांना आणून सूतकताई, विणकाम व शेतकाम यांच्या जोडीला त्यांनीं विद्यादान आरंभिलें. तो उद्योगहि १७८० मध्यें बंद पडला, आणि पत्नीचें पुष्कळ द्रव्य त्यांत खर्ची पडलें. १७८१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका कादंबरीनें त्यांचें नांव सर्वतोमुखीं केलें. पण त्यांचें मन ग्रंथांत नव्हतें, मुलांत होतें.

१७९८ सालीं फ्रेंच सैन्यानें स्टान्स गांवाची राखरांगोळी केली व अनेक मुलें पोरकीं झालीं. पन्नाशी उलटलेले पेस्टालॉझी तेथें धांवून गेले. एका घरकाम करणाऱ्या बाईच्या मदतीनें त्यांनीं सुमारें ऐंशी मुलांचें आईबाप, सेवक व शिक्षक होऊन अहोरात्र संगोपन केलें. परंतु जून १७९९ मध्यें ती इमारत सैन्याच्या रुग्णालयासाठीं घेण्यांत आली, व खंगलेल्या प्रकृतीनें त्यांना तेथून निघावें लागलें.

त्यानंतर बुर्गडॉर्फ येथें ते शिकवूं लागले. वर्गाच्या भिंतीवर जुनें फाटकें कापड होतें. त्याला किती भोंकें आहेत, त्यांचे आकार कसे आहेत, हें पाहून मुलांनीं पूर्ण वाक्यांत सांगावें असा त्यांचा पाठ असे. आधीं वस्तु, मग शब्द, हें त्यांचें तत्त्व. तथापि त्यांच्या हातूनहि चुका झाल्या. याच सुमारास शहरांच्या नांवांच्या वर्णानुक्रमानें केलेल्या याद्या मुलांकडून पाठ करून घेण्याचा मार्गहि त्यांनीं सुचविला होता. घोकंपट्टीचा मोह एवढ्या मोठ्या गुरूलाहि टळला नाहीं, हें आम्हां शिक्षकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध शाळा १८०५ मध्यें इव्हर्डन येथील जुन्या किल्ल्यांत सुरू झाली. पलीकडे जुरा पर्वताची रांग, समोर विस्तीर्ण सरोवर आणि जवळच ब्यूरॉन नांवाच्या ओढ्याचें अरुंद खोरें. भूगोलाच्या तासाला लहान मुलांना प्रथम त्या खोऱ्यांत नेत. संपूर्ण खोरें कसें दिसतें, त्याचे भाग कोणते, हें मुलें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहत. मग तेथलीच माती खणून ती किल्ल्यांत आणीत आणि मोठमोठ्या मेजांवर त्या खोऱ्याची प्रतिमा घडवीत. प्रत्येकाकडे एकेक भाग सोंपविलेला असे. पुढच्या दिवसांत अधिक उंच जागेवरून पुन्हां पाहणी होई, आणि मेजावरचा मातीचा प्रदेश वाढत जाई. तो पुरा झाल्यावरच मुलांपुढें नकाशा ठेवीत, आणि तेव्हां त्यांतील प्रत्येक रेघ त्यांना ओळखीची वाटे. ज्याला लहानपणीं घराबाहेर जाऊं दिलें नाहीं, त्याच्याच शाळेंत मुलांचा वर्ग असा मोकळ्या आकाशाखालीं भरला.

१८०७ सालीं कार्ल रिटर नांवाचा तरुण जर्मन शिक्षक ही शाळा पाहावयास आला. पेस्टालॉझींना भूगोलाची माहिती एखाद्या शाळकरी मुलाइतकीहि नाहीं हें त्याला दिसून आलें; तरीसुद्धां भूगोल कसा शिकावा हें आपण त्यांच्यापाशींच शिकलों, अशी कृतज्ञता तो पुढें व्यक्त करी. हाच रिटर १८२० मध्यें बर्लिन येथें भूगोलाचा प्राध्यापक झाला, आणि अर्वाचीन भूगोलशास्त्राच्या संस्थापकांत आज त्याची गणना होते. बालोद्यानाचा जनक फ्रोबेल हाहि १८०८ ते १८१० पर्यंत इव्हर्डनला होता.

पेस्टालॉझींचा शेवट मात्र सुखाचा झाला नाहीं. १८१५ मध्यें पत्नी वारली. सहकारी शिक्षकांत कलह माजला. १८२५ मध्यें शाळा बंद करून हा वृद्ध गुरु नॉयहोफला परतला. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग येथें त्यांचें देहावसान झालें, आणि बिर नांवाच्या खेड्यांत शाळेच्या इमारतीलगत त्यांना मूठमाती देण्यांत आली. त्यांची प्रत्येक संस्था मोडली. पण त्यांनीं दाखविलेली वाट मोडली नाहीं.

विद्यार्थ्यांनो, येत्या सुटींत तुमच्या गांवचा ओढा कोठून येतो व कोठें जातो, हें चालत जाऊन पाहा. टेकडीवर चढा, अंगणांत त्याची मातीची प्रतिमा करा, आणि मग नकाशा उघडा. ज्याला ओढा कळला, त्याला गोदावरी कळेल, आणि व्होल्गाहि परकी वाटणार नाहीं.

पालकांना एकच नम्र विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी भूगोलाच्या तासाहून चिखलानें भरलेले कपडे घेऊन घरीं आली, तर रागावूं नये. कपडे धुतां येतात. कोंडून ठेवलेलें बालपण मागाहून मोकळें करतां येत नाहीं.