विश्लेषण : युद्धआघाडीवरचे गणित महाकाय कृष्णविवरांनी कसे तपासले?

आकाशगंगेच्या केंद्राशी ‘एस २’ नावाचा एक तारा आहे. सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाच्या कृष्णविवराभोवती तो साधारण १६ वर्षांत एक फेरी मारतो. त्याची लंबवर्तुळाकार कक्षा प्रत्येक फेरीत थोडी वळते, हे २०२० मध्ये जाहीर झाले. या वळण्याला ‘श्वार्झशिल्ड प्रिसेशन’ म्हणतात. ज्यांचे हे नाव, ते जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्ड १९१६ मध्येच गेले. त्या वेळी ‘कृष्णविवर’ हा शब्दही नव्हता.

कोण होते श्वार्झशिल्ड?

९ ऑक्टोबर १८७३ रोजी फ्रँकफर्टमधील एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सहा भावंडांत ते थोरले. जोडताऱ्यांच्या कक्षांवरील त्यांचे लेखन शाळेत असतानाच, वयाच्या सोळाव्या वर्षी छापून आले. म्युनिकमध्ये डॉक्टरेट, व्हिएन्नाच्या वेधशाळेत फोटोच्या काचांवरून ताऱ्यांची तेजस्विता मोजण्याचे काम, मग १९०१ मध्ये गॉटिंगेन वेधशाळेचे संचालकपद. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. १९०९ मध्ये ते पॉट्सडॅमच्या खगोलभौतिकी वेधशाळेचे प्रमुख झाले.

त्यांची ओळख आज एका समीकरणापुरती उरली असली, तरी ते मुळात निरीक्षक होते. अवकाश वक्र असेल तर ते ताऱ्यांच्या मोजमापांतून कळेल का, हा प्रश्न त्यांनी १९०० मध्येच, म्हणजे आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताच्या १५ वर्षे आधी तपासला होता. पुढे गुरुत्वाकर्षणामुळे प्रकाशाची तरंगलांबी किंचित वाढते, असे आइन्स्टाइन यांनी सांगितले. श्वार्झशिल्ड यांनी ते सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात शोधले. उत्तर स्पष्ट आले नाही. सूर्याचे गुरुत्व त्यासाठी फारच तोकडे आहे आणि त्याच्या पृष्ठभागावरची खळबळ हा परिणाम झाकून टाकते.

युद्धात गणित कसे सुटले?

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि चाळिशीतले हे संचालक स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. बेल्जियममध्ये हवामान केंद्र, नंतर तोफगोळ्यांच्या मार्गाची गणिते, अशी त्यांची नेमणूक होती. १८ नोव्हेंबर १९१५ रोजी आइन्स्टाइन यांनी बुधाच्या कक्षेचे जुने कोडे उलगडले. बुधाची कक्षा शतकाला ४३ विकला जास्त वळते आणि न्यूटनच्या नियमांत त्याचे कारण सापडत नव्हते. मात्र आइन्स्टाइन यांचे उत्तर अंदाजी पद्धतीने काढलेले होते. श्वार्झशिल्ड यांनी २२ डिसेंबरला आघाडीवरून त्यांना पत्र लिहिले. त्यात एका गोल वस्तुमानाभोवतीच्या गुरुत्वाचे नेमके उत्तर होते. जानेवारीत खुद्द आइन्स्टाइन यांनी ते प्रशियन अकादमीत मांडले.

या उत्तरातून एक विशिष्ट त्रिज्या निघते. ती फक्त वस्तुमानावर अवलंबून असते. सूर्यासाठी ती सुमारे तीन किलोमीटर, पृथ्वीसाठी जेमतेम नऊ मिलिमीटर. एवढ्या जागेत सगळे वस्तुमान कोंबले, तर प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. खरा तारा इतका दबू शकेल, असे श्वार्झशिल्ड यांना वाटत नव्हते आणि आइन्स्टाइनही १९३९ पर्यंत त्याच मताचे होते. (जर्मनमध्ये ‘श्वार्झशिल्ड’चा अर्थ काळी ढाल. हा निव्वळ योगायोग!)

आघाडीवरच त्यांना पेम्फिगस हा अंगावर फोड उठणारा आजार जडला. तेव्हा त्यावर इलाज नव्हता. ११ मे १९१६ रोजी, वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. धाकटा मुलगा कडेवरचाच होता. दुसरा मुलगा मार्टिन पुढे अमेरिकेत नामांकित खगोलभौतिकशास्त्रज्ञ झाला.

या उत्तराला एक भारतीय जोडही मिळाली. प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्यासाठी ते कसे बदलेल, हे १९४३ मध्ये प्र. चु. वैद्य यांनी दाखवले. बनारसमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते मूळचे कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर, म्हणजे जयंत नारळीकरांचे वडील.

कृष्णविवरांनी काय दाखवले?

जे सूर्याजवळ दिसले नाही, ते ‘एस २’जवळ दिसले. मे २०१८ मध्ये हा तारा कृष्णविवराच्या सर्वांत जवळ आला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक होता. चिलीतील दुर्बिणींनी त्याच्या प्रकाशात तीच तरंगलांबीची वाढ टिपली. कक्षेचे वळणे तर बुधाच्या कितीतरी पुढचे. बुधाला शतकभरात ४३ विकला, तर ‘एस २’ला एकाच फेरीत १२ कला, म्हणजे ७२० विकला.

तिसरी कसोटी छायाचित्राची. कृष्णविवराची सावली त्याच्या क्षितिजाच्या सुमारे अडीच पट दिसायला हवी, असे हेच गणित सांगते. १० एप्रिल २०१९ रोजी ‘इव्हेंट होरायझन टेलिस्कोप’ने एम ८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे पहिले चित्र दिले. ते गाजलेही खूप. पण कसोटी म्हणून १२ मे २०२२ रोजी आलेले आपल्या आकाशगंगेच्या केंद्राचे चित्र जास्त मोलाचे. एम ८७च्या वस्तुमानाबद्दल आधी दुपटीचे मतभेद होते. आपल्याकडे मात्र ‘एस २’सारख्या ताऱ्यांच्या कक्षांवरून वस्तुमान आणि अंतर दोन्ही अगोदरच ठाऊक होते. त्यामुळे सावलीचा आकार चित्र येण्यापूर्वीच सांगता येत होता.

मोजलेला आकार त्याच्याशी साधारण १० टक्क्यांच्या आत जुळला. याहून बारीक फरक सांगणारे गुरुत्वाचे पर्यायी सिद्धांत त्यामुळे बाद होत नाहीत. त्यांच्यासाठी आणखी दुर्बिणी जोडून अधिक रेखीव चित्रे घ्यावी लागणार आहेत.