पेशींचे बदल वाचणारा संशोधक

कर्करोगाचे निदान लक्षणांवरून सुरू होते. पण अखेरचा शब्द सूक्ष्मदर्शकाचा असतो. ही शिस्त मुंबईत रुजविणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. १३ एप्रिल १८९५ रोजी जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. पदवी मिळविली. मायदेशी परतल्यावर त्यांनी ग्रँट आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केले.

१९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. या कामाचे मोल एका उदाहरणावरून कळेल. गुदाशयाचा कर्करोग बहुधा अस्तरातील ग्रंथींच्या पेशींतून उद्भवतो. पेशीकेंद्रके मोठी व गडद होतात, ग्रंथींची रचना विस्कटते. क्वचित तेथे त्वचेसारख्या चपट्या पेशींची गाठ आढळते. रुग्णाची तक्रार तीच. मात्र पेशींचा प्रकार बदलला की उपचारांची दिशाही बदलते. काचपट्टी वाचण्यात झालेली चूक रुग्णाला भोवते.

खानोलकर काचपट्टीपाशी थांबले नाहीत. पेशी का बिघडली, याचे उत्तर त्यांनी रुग्णाच्या राहणीत शोधले. कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या सततच्या काचाने त्वचेला होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी व बी. सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाकडेही त्यांनी लक्ष वेधले.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संस्थापक-संचालक होते. डॉ. कमल रणदिवे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडल्या.

याच दशकात ट्रॉम्बे येथे अणुऊर्जा संशोधन उभे राहिले. १९५६ मध्ये 'अप्सरा' अणुभट्टी कार्यान्वित झाली. किरणोत्सर्गाचा पेशींवर काय परिणाम होतो, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. त्याचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीवर खानोलकरांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. पुढे रुग्णालय व संशोधन केंद्र दोन्ही अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आली आणि १९६६ मध्ये त्यांचे एकत्रीकरण झाले.

मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकपद भूषविलेल्या, 'पद्मभूषण'प्राप्त खानोलकरांचे २९ ऑक्टोबर १९७८ रोजी निधन झाले. बिघडलेल्या पेशीमागचा माणूस पाहण्याची त्यांची दृष्टी हाच त्यांचा खरा वारसा होय.